ऑइल कूलरच्या लाइनला कुठलं फिटिंग? टेप लावूनही सँडविच प्लेटपाशी पाझरतंय

तेलकट_हात:

इंजिन ऑइल कूलर बसवायचं काम चालू आहे. ब्लॉक आणि फिल्टरच्या मधे सँडविच प्लेट, मधला बोल्ट एम२०×१.५ (व्यास २० मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी). प्लेटच्या दोन्ही पोर्टपाशी नुसतं "१/२" कोरलंय, पुढे काहीच नाही. त्यात १/२ एनपीटी (अमेरिकन निमुळते पाइप आटे) ते डॅश १० (होज-फिटिंगच्या साईझचा आकडा) असे अॅल्युमिनियमचे अॅडॅप्टर लावले. आटे छान धरतात, टेफ्लॉन टेपचे तीन वेढेही आहेत. तरी इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत आट्यांच्या मुळाशी ऑइलचा थेंब जमतो.

कूलरच्या बाजूला वेगळीच अडचण. पोर्टचा आतला व्यास व्हर्नियरवर २०.४ मिमी येतोय. त्यावरून ७/८-१४ (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे) समजून ओ-रिंगवालं अॅडॅप्टर आणलं. दोन फेरे हाताने गेलं आणि अडकलं. पाना लावलेला नाही.

प्रश्न: प्लेटवालं अजून आवळू का? कूलरवालं पान्याने जाईल का? आणि होज अजून घ्यायचाय, तर डॅश ८ की डॅश १०, रबरी की पीटीएफई (आतून टेफ्लॉनची नळी)? दोन्हींना एकच फिटिंग चालतं का? जवळ पितळी ४५ अंशी फ्लेअरची (शंकूसारख्या तोंडाची) काही फिटिंग पडून आहेत, त्यांचे आटेही जुळतात. ती वापरू का?

---

आटे_मोजून_घ्या:

दोन्हीकडे पाना खाली ठेवा.

आधी एक गोष्ट पक्की करा, कारण तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. प्रत्येक फिटिंगला ऑइल अडवणारी जागा एकच असते. एनपीटीत ती आट्यांमध्ये असते. जेआयसी किंवा एएनमध्ये (तुमची डॅशवाली फिटिंग यातलीच) ३७ अंशांच्या शंकूवर, ओआरबीत (तुम्ही कूलरला आणलेलं ओ-रिंगवालं) पोर्टच्या तोंडाशी बसणाऱ्या ओ-रिंगवर आणि सरळ आट्यांच्या बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) किंवा मेट्रिक पोर्टमध्ये बाहेरच्या सपाट तोंडावर, वॉशरपाशी. एनपीटी आणि निमुळतं बीएसपी सोडलं तर आट्यांचं काम फक्त धरून ठेवायचं. सरळ आट्यांना टेप गुंडाळून फायदा शून्य.

आता तुमची प्लेट. पोर्टच्या तोंडाभोवती गोल, सपाट, मशीन केलेली चकती दिसते का? दिसत असेल तर तो १/२ बीएसपी, सरळ आट्यांचा पोर्ट आहे. त्यात १/२ एनपीटी का धरतं, तर दोन्हींना इंचाला १४ आटेच आहेत. १/८ ला २७ विरुद्ध २८, १/४ आणि ३/८ ला १८ विरुद्ध १९ असा फरक असतो, त्यामुळे तिथे चूक लगेच हाताला कळते. अर्धा आणि पाऊण इंचात १४ ला १४. व्यासही जवळपास सारखा, बीएसपीचा २०.९६ मिमी आणि एनपीटीचा २१.३ च्या आसपास. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. त्यात एनपीटी निमुळतं, १६ मिमी लांबीला १ मिमी. म्हणजे पहिले काही आटे घट्ट चावतात आणि कोनांच्या फरकामुळे आट्यांच्या तळाशी गोल जिन्यासारखी बारीक वाट राहते. त्या वाटेने ऑइल वर चढतंय. टेप ती थोडा वेळ बुजवते, इतकंच. आणखी आवळलंत तर निमुळतं टोक पाचरीसारखं घुसून अॅल्युमिनियमचा पोर्ट चिरेल.

काढा ते. पोर्टच्या कडेपासून बाहेर जाणारी केसासारखी चीर आहे का ते उजेडात नीट बघा. असेल तर प्लेट बाद. नसेल आणि तोंडाशी फक्त एखाददुसरा आटा दबला असेल तर प्लेट वाचली, कारण नवीन सील आट्यांवर नाही, तोंडावर बसणार आहे. टेपचे तुकडे चिमट्याने वेचून काढा, एकही आत जाऊ देऊ नका. मग १/२ बीएसपी सरळ ते डॅश १० अॅडॅप्टर आणि बॉन्डेड सील घ्या, म्हणजे ज्या धातूच्या वॉशरच्या आतल्या कडेला रबर चिकटवलेलं असतं ते. अर्ध्या इंचाच्या सीलचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी असतो, तेव्हा सपाट चकती निदान २९ मिमी आहे ना, ते मोजून घ्या. चकती लहान असेल तर तांब्याचा वॉशर.

कूलर. आतला व्यास मोजून तुम्ही फसलात, आणि कुणीही फसेल. एम२२×१.५ च्या पोर्टचा आतला व्यास २०.४ येतो आणि ७/८-१४ चा २०.३. व्हर्नियरवर हा फरक कळत नाही. फरक पिचमध्ये आहे: एकाचं १.५ मिमी, दुसऱ्याचं १.८१. पिच गेज नसेल तर पातळ पुठ्ठ्याची पट्टी पोर्टमध्ये आट्यांवर काडीने दाबा, बाहेर काढा आणि वळ मोजा. ९ मिमीत ६ भरले तर एम२२, ५ भरले तर १४ चा. दोन फेऱ्यांत अडकतंय म्हणजे माझ्या मते एम२२×१.५ च.

४५ अंशाच्या पितळी फिटिंगचंही तेच. १/४, ५/१६, १/२ आणि ५/८ इंच नळीला ४५ आणि ३७ अंशी दोन्ही नट एकाच आट्यांचे असतात. ३/८ ला मात्र वेगळे: ४५ अंशीला ५/८-१८, एएनला ९/१६-१८. नट बसतो, पण आतले शंकू एका बारीक रेषेवर टेकतात. आज थांबेल, दहा वेळा गरम-थंड झालं की पाझरेल. नको.

---

होज_आणि_निपल:

साईझबद्दल. डॅशचा आकडा म्हणजे मूळ नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या सोळाव्या भागांत. सुतात मोजायची सवय असेल तर आकड्याचं निम्मं करा: डॅश ८ म्हणजे चार सूत, डॅश १० म्हणजे पाच. हा होजचा आतला व्यास नाही, बरेच जण तसं समजतात. जाळीच्या रबरी होजला डॅश ८ आतून साधारण ११.१ मिमी असतो, डॅश १० साधारण १४.२.

फरक ३ मिमीचाच दिसतो. पण थंड, घट्ट ऑइल संथ प्रवाहात वाहतं तेव्हा दाबातली घट व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते. तेवढ्याच लांबीला, तेवढ्याच प्रवाहाला डॅश ८ मध्ये डॅश १० च्या सुमारे २.७ पट घट. इंजिनाचं सगळं ऑइल या लाइनमधून बेअरिंगकडे जाणार असेल तर डॅश १० घ्या. लहान इंजिन, होज हातभर आणि एल्बो नाहीत, अशा वेळी डॅश ८ चालून जातो. वळणाला ९० अंशी फिटिंग लागलं तर वाकवलेल्या नळीचं घ्या. ठोकळ्यात काटकोनी भोकं पाडलेलं किंवा बँजो बोल्टचं (पोकळ बोल्टच्या भोकांतून ऑइल नेणारं) या लाइनला टाळा.

रबरी की पीटीएफई, हे ऑइलच्या तापमानावर ठरवा. नायट्राइल रबर १०० अंशांपर्यंत निवांत टिकतं, चांगल्या प्रतीचं १२५ पर्यंत. वर्षानुवर्षं जास्त तापलं तर आतून कडक होतं. जाळीमुळे वरून काही दिसत नाही, पण वाकवलं की करकरतं आणि निपलपाशी (फिटिंगचा होजच्या आत जाणारा तुकडा) घाम फुटतो. रस्त्यावरच्या गाडीला चांगल्या नायट्राइलच्या जाळीचा होज पुरतो असं माझं मत. ईपीडीएम रबर चुकूनही नको, खनिज तेलात ते फुगून मऊ पडतं. कूलंटचा साधा सिलिकॉन होजही इंजिन ऑइलला चालत नाही.

फिटिंग एकच चालतं का? नाही. रबरीच्या फिटिंगमध्ये निपल रबर दाबून धरतं. पीटीएफईची नळी पातळ आणि कडक, तिला जाळीच्या आत ऑलिव्ह (नळीवर बसणारी धातूची कडी) लागतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. रबरीचं फिटिंग पीटीएफईवर चढवलं तर दाब येताच होज सुटतो, आणि सुटल्यावर गरम ऑइल एक्झॉस्टवर.

रबरी होज जोडताना: कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा आणि टेपवरूनच काटकोनात कापा. १ मिमी जाडीचं कटिंग व्हील किंवा इंचाला ३२ दातांचं हॅक्सॉ ब्लेड. मोठ्या दातांचं ब्लेड जाळीच्या तारा ओढून विस्कटतं. सॉकेट (फिटिंगचा होजवर बाहेरून बसणारा तुकडा) मऊ जबड्यांच्या व्हाईसमध्ये धरून होज पिरगाळत आत घाला, आतल्या आट्यांच्या सुरुवातीपासून १.५ मिमी अलीकडे थांबा. सॉकेटच्या तोंडाशी होजवर मार्करने रेघ मारा. निपलच्या आट्यांना, टोकाला आणि होजच्या आत ऑइल लावा, मग आवळा. निपलचा षट्कोन आणि सॉकेट यांत ०.८ मिमी फट राहिली की बास. आता ती रेघ बघा. सॉकेटपासून १.५ मिमीपेक्षा जास्त बाहेर सरकली असेल तर होज मागे ढकलला गेलाय. उघडून पुन्हा.

शेवटी टॉर्च लावून आत डोकावा. ऑइल न लावता निपल घातलं की ते आतल्या रबराची साल सोलतं. ती साल झडपेसारखी लटकते: एका दिशेने ऑइल जातं, दुसऱ्या दिशेने अडतं. बाहेर थेंबही नसतो आणि दाब मात्र गायब. मग दोन्ही टोकांकडून रॉकेल आणि हवा मारा. कापताना पडलेला कीस थेट बेअरिंगकडे जाईल.

---

ऑलिव्ह_दाबून:

वरच्याशी बहुतेक सहमत, पीटीएफईबद्दल मात्र नाही. टर्बोजवळून लाइन जात असेल किंवा गाडी ट्रॅकवर चालवायची असेल तर पीटीएफईच घ्या. २०० अंशांच्या वरही तो टिकतो, कुठल्याही ऑइलने फुगत नाही आणि जुना होऊन कडक पडत नाही. बदल्यात दोन गोष्टी सोसाव्या लागतात. एक, त्याच डॅशमध्ये भोक लहान, डॅश १० साधारण १२.७ मिमी. दोन, वळायला ताठ. एकदा मुडपला आणि नळीवर पांढरट घडी उमटली की तो तुकडा टाकून द्यायचा, सरळ करून वापरायचा नाही.

जोडताना सॉकेट आधी होजवर सरकवा, हे विसरलं की ऑलिव्हसकट सगळं पुन्हा. छोट्या स्क्रू ड्रायव्हरने जाळी नळीपासून जरा मोकळी करा. ऑलिव्ह नळीवर, जाळीच्या आत. नळीचं टोक ऑलिव्हच्या आतल्या पायरीला टेकेपर्यंत सपाट पृष्ठावर दाबा. जाळीची एक तार जरी नळी आणि ऑलिव्हच्या मधे अडकली तर तिथून पाझरणारच, कितीही आवळा. उघडलं की ऑलिव्ह नवीन.

पेट्रोललाही हाच होज वापरायचा विचार असेल तर आतून कार्बन मिसळलेला, काळ्या नळीचा घ्या. पांढऱ्या नळीत पेट्रोल वाहताना स्थिर विद्युत साठते आणि नळीला सुईएवढी भोकं पाडते.

---

तेलकट_हात:

पट्टी दाबून बघितली: ९ मिमीत ६ वळ, म्हणजे एम२२×१.५. ७/८ चं अॅडॅप्टर परत. पहिल्या आट्याची धार किंचित चमकतेय, पण एम२२ चा बोल्ट हाताने तळापर्यंत जातो.

प्लेटच्या तोंडाशी ३० मिमीची चकती आहे, चीर नाही. त्याच प्लेटवर सेन्सरचं एक लहान भोक आहे. सेन्सर १/८ एनपीटीचा. ते भोकही बीएसपी असेल का? आणि सगळं किती आवळायचं?

---

आटे_मोजून_घ्या:

गृहीत धरू नका. एकाच प्लेटवर मोठे पोर्ट बीएसपी आणि सेन्सरचं भोक १/८ एनपीटी असं सर्रास असतं. तिथे तीन उमेदवार आहेत: १/८ एनपीटी, १/८ बीएसपी आणि एम१०×१. पिचं अनुक्रमे ०.९४, ०.९१ आणि १ मिमी, पट्टीवर हे कळणार नाहीत. सेन्सर कोरडा, टेपशिवाय हाताने फिरवा. एनपीटीत एनपीटी तीन-चार फेरे सहज जातो आणि मग सगळीकडून सारखा घट्ट होत जातो. फेराभरातच अडला, किंवा शेवटपर्यंत ढिला जाऊन एकदम टेकला, तर भोक त्याचं नाही.

एनपीटी जुळलं तर हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीड-दोन फेरे. तोंड हव्या दिशेला येण्यासाठी उलटं फिरवायचं नाही. मागे घेतलं की सील मोडतं. तिथे टेपऐवजी आटे सील करायची पेस्ट लावा, टोकाचे दोन आटे कोरडे ठेवून. एका तारेच्या सेन्सरला अर्थ आट्यांतूनच मिळतो, जाड टेपने काटा चुकीचं दाखवू शकतो.

डॅश १० च्या ३७ अंशी नटाला टॉर्कपेक्षा कोनाचा हिशेब हाताशी ठेवा. शंकूवर ऑइलचं बोट फिरवा, नट हाताने टेकवा, नट आणि अॅडॅप्टरवर मार्करने एक सरळ रेघ मारा. मग दोन पाने: एकाने अॅडॅप्टर धरायचं, दुसऱ्याने नट षट्कोनाची एक बाजू, म्हणजे ६० अंश फिरवायचा. अॅल्युमिनियमला तेवढं पुरतं, बनवणाऱ्याने टॉर्कचा आकडा दिला असेल तर तो पाळा. तरी पाझरलं तर आवळत बसू नका. उघडा आणि शंकूवर आडवा ओरखडा आहे का बघा. जास्त आवळलेल्या अॅल्युमिनियमच्या शंकूवर गोल खळगी पडते आणि तो पुन्हा कधीच नीट बसत नाही. दुसरा पाना न लावता नट फिरवला तर सगळा पीळ कूलरच्या पातळ पोर्टवर जातो आणि पोर्ट कूलरपासून तडकतो.

---

होज_आणि_निपल:

बसवण्याबद्दल थोडं. दाबाखाली होजची लांबी बदलते, दोन टक्के वाढू शकते, चार टक्के आखडू शकते. तारेसारखा ताणून बसवलेला होज म्हणूनच फिटिंगपाशी फुटतो. इंजिन माउंटवर डुलतं, कूलर बॉडीवर स्थिर असतो, तेवढी ढील द्या. फिटिंगमधून निघाल्यावर होज थोडा सरळ जाऊ द्या, लगेच वळवू नका. होजवरच्या छापील ओळीला पीळ पडला असेल तर नट सैल करून सोडवा. साधारण दर ३०-४० सेंमीवर रबर लावलेली पी-क्लिप. ही जाळी कानशीसारखी असते: बॉडी, वायर, रेडिएटरचा होज, जे टेकेल ते कापते.

चाचणी: लाइनमधलं ऑइल हिशेबात धरा. डॅश १० चा १ मीटर होज सुमारे १६० मिली पितो, दोन लाइन आणि कूलर धरून पातळी चांगलीच उतरते. इंधन पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर १०-१० सेकंद मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज लावून दोन मिनिटं आयडल, बंद, सगळे जोड कोरड्या पांढऱ्या कागदाने टिपून बघा.

प्लेटला थर्मोस्टॅट असेल तर इथे थांबू नका. तो सुमारे ८० अंशांना उघडतो, त्याआधी कूलरकडे ऑइल जेमतेम जातं. थंड इंजिनावर कूलरचे जोड कोरडे दिसले तर त्याला काही अर्थ नाही. पूर्ण गरम करून पुन्हा कागद फिरवा, थंड झाल्यावर मार्करच्या रेघा जागेवर आहेत का बघा आणि पातळी भरा.

आणि मधला बोल्ट एम२०×१.५ आहे, तर फिल्टरही त्याच आट्यांचा हवा. एम२० चा फिल्टर ३/४-१६ च्या बोल्टवरही चढतो, वरवर घट्टही होतो, पण तिथे व्यास १९.०५ च आहे. आटे टोकावर धरतात आणि थंड सकाळी दाब वाढला की फिल्टर उडतो.

---

पाना_१७:

मधेच घुसतो. याच सामानात पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकच्या लाइन करता येतील का?

---

ऑलिव्ह_दाबून:

पॉवर स्टिअरिंगची रिटर्न लाइन, हो. तिथे दाब कमी असतो, तेलाला चालणारा होज आणि जोड मिळाला की झालं. नुसता ढकलून बसवायचा होज घेतलात तर त्यावर क्लिप लावू नका. त्या निपलचे काटे धारदार असतात, क्लिपने रबर त्यांच्यावर दाबून आतून कापलं जातं. प्रेशर लाइन मात्र घरी जोडायची नाही. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून धरलं की तिथे १०० बारच्या आसपास दाब जातो. ती मशीनवर क्रिंप केलेली (दाबून कायमची पक्की केलेली), स्टीलच्या फिटिंगची.

ब्रेकला हे सामान नकोच. डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलवाले द्रव, त्यात नायट्राइल फुगतं. तिथे ईपीडीएम किंवा क्रिंप करून दाबाखाली तपासलेला पीटीएफई डॅश ३. आट्यांचा सापळा तिथेही आहेच: डॅश ३ चा ३/८-२४ नट ९.५ मिमीचा, तो एम१०×१ च्या भोकात ढिला का होईना पण जातो, आणि पेडल जोरात दाबल्यावर आटे सोलून बाहेर येतो. ब्रेकच्या धातूच्या नळीचं टोक बबल फ्लेअर (बुडबुड्यासारखं फुगीर) आहे की उलटा डबल फ्लेअर (कड आत दुमडलेली), तेही बसणाऱ्या जागेशी जुळवा. होज लावल्यावर चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि गाडी जॅकवर उचलून चाक लटकतं सोडून, अशा तिन्ही वेळी तो ताणतोय का आणि टायरला घासतोय का बघा.